साडेआठची

कुठली मालिका जगवायची आणि कुठली मारायची, हे मुंबईत ठरतं असं तुम्हाला वाटत असेल, तर ते डोक्यातनं काढून टाका. निदान कोल्हापुरात, शुक्रवार पेठेतल्या त्या बोळापुरतं तरी ते ठरायचं दुपारी, चंदनाबाईंच्या दारातल्या कट्ट्यावर, तांदूळ निवडता निवडता.

आता चंदनाबाईच का? तर घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा त्या घरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. बोळातल्या बाकीच्या बायका रात्री आठला परात पुढ्यात घेऊन भाकऱ्या थापत असायच्या, तेव्हा चंदनाबाईंचा ओटा पुसून कोरडा झालेला असायचा. पदराला हात पुसत ती टीव्हीसमोर मांडी घालून बसायची, ती साडेनऊला उठायची. साडेआठची मालिका डोळ्यात तेल घालून, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघणारी त्या बोळात ती एकटीच. समोरच्या चिमणाबाईचा नवरा फाउंड्रीतनं बरोबर साडेआठला यायचा, तांब्याभर पाणी मागायचा आणि पाटावर बसायचा. म्हणजे तिला मालिका ऐकू यायची, ती पण अर्धी. दुसऱ्या दिवशी ती सूप घेऊन हजर.

"चंदनावैनी, काल ती जिन्यात थांबली, त्येच्या म्होरं काय झालं वो?"

की सुरू. पण नुसती गोष्ट सांगेल ती चंदना कसली! गोष्टीआधी निकाल.

"काय झालं म्हणून काय इचारतीस? आर्धा घंटा जिन्यातच हुभी हाय की ती! तीनदा तोंड दाखवलं, धाड धाड धाड. पावसात भिजलेल्या कुत्र्यागत सगळी एकामेकाकडं बघत बसल्यात. आगं, बोला की कायतरी! आणि ती मोठी जाऊ, झोपताना नथ काढत न्हाय ती. नाकात रुतत नसंल व्हय?"

बायका हसून हसून लोळायच्या. कोल्हापूरकडच्या बायका 'मी करतो, मी सांगतो' असं पुरुषी बोलतात, त्यात चंदनाचं माहेर कुरुंदवाडचं, नदीकाठचं. आवाज असा खणखणीत, की बोळाच्या तोंडाला सायकल लावणाऱ्यालासुद्धा कालचा भाग फुकटात कळायचा. नऊच्या मालिकेतला हिरो रडताना डोळ्यांतनं पाणी येतं, पण नाक लाल होत नाही, म्हणून तिनं त्याला नापास केलं होतं. एका खलनायिकेवर मात्र तिचा भारी जीव. "बाई वाईट हाय, पर कामाची हाय. घरात तेवढीच एक उठून कायतरी करती, बाकीची सगळी सोफ्यावर!" सातच्या मालिकेबद्दल तिचं म्हणणं असं, की दोन वर्षं झाली, त्या घरात कुणी भांडं घासलेलं नाही, तर लोक जेवतात कशात? त्या दिवसापासून बोळात सातची कुणी लावली नाही. संपली सातची.

पण घरात या बाईच्या शब्दाला काय किंमत होती म्हणाल, तर शून्य. सासरे तात्यासो. सत्तरी उलटलेली, डोक्याला पांढरी टोपी, हातात तपकिरीची डबी, नजर सगळीकडं. आमटीत मीठ किती, नातीनं कॉलेजला जाताना ओढणी कशी घ्यायची, पावण्यांना चहा द्यायचा की सरबत, सगळं तात्यासो ठरवणार. नवरा बाळासो भला माणूस, पण बापापुढं तोंडात मूग. लग्न होऊन वीस वर्षं झाली होती, आणि 'चंदना, तुला काय वाटतं गं?' हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारल्याचं तिला आठवत नव्हतं. ते वाक्य ती ऐकायची ते कट्ट्यावर. साडेआठची बघायची, तिच्यावर बोलायचं, आणि चारचौघींनी कान देऊन ते ऐकायचं. एवढंच काय ते तिचं स्वतःचं होतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या साली साडेआठच्या मालिकेत वृंदा नावाच्या सुनेचं बरं चाललं होतं. बँकेत नोकरी, स्वभाव गरीब. आणि एका भागात तिच्या सासऱ्यानं घरच्या पूजेत, सगळ्या भाऊबंदांपुढं जाहीर करून टाकलं, की आमची सून उद्यापासून नोकरी सोडते आहे. वृंदानं मान खाली घातली आणि मग खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून रडली.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर चंदनाचा पारा चढलेला.

"म्हाताऱ्याचं काम करणारा झकास हाय, त्येला मी शंभरातनं नव्वद देतो. पर ह्या वृंदीला काय धाड भरलीया? त्यो बोलत हुता तवाच उठून न्हाय म्हणायला येत न्हाय? चार माणसांत नोकरी घालवलीया, तर चार माणसांत माघारी घे की! आता उशीला सांगून काय उपेग? उशी काय बँकेत जाती व्हय?"

आत आरामखुर्चीत बसलेल्या तात्यासोंनी तपकिरीची चिमूट नाकाला लावली आणि दोनदा शिंकले.

आषाढ आला. बस्तीत, म्हणजे पेठेतल्या जैन मंदिरात, त्या वर्षी मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. पटांगणात मांडव पडला, आणि पहिल्याच रविवारी दुपारच्या प्रवचनाला उभं राहायला जागा नव्हती. प्रवचन संपलं, की एकेकानं उठायचं, हात जोडायचे आणि चार महिन्यांसाठी काय सोडणार ते महाराजांपुढं सांगायचं. महाराज मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद देणार, की झाला नियम. कुणी तूप सोडलं. कुणी पायातली वहाण सोडली. तात्यासोंचे एक जुने दोस्त, त्यांच्याशी सगळ्या बाबतीत चढाओढ असलेले, त्यांनी तर एकदम सगळ्या हिरव्या भाज्या सोडल्या, आणि मांडवात "वा वा" झालं.

आता तात्यासोंची पंचाईत झाली. मागं राहून चालणार नाही. पण सोडणार काय? गोड सोडावं, तर ते साखरेच्या आजारापायी डॉक्टरांनी मागंच सोडवलेलं. चहा सोडावा, तर चहावाचून सकाळी त्यांचा डोळा उघडत नव्हता. तपकिरीचं तर नावच नको. ते उठले, टोपी सारखी केली, आणि हात जोडून खड्या आवाजात म्हणाले,

"महाराज, चातुर्मास संपेपर्यंत आमच्या घरात टीव्ही बंद!"

काय जयजयकार झाला! लाउडस्पीकरवरनं नाव पुकारलं, त्याग करावा तर असा, आजच्या काळात अशी घरं राहिली कुठं, वगैरे वगैरे. बायकांच्या बाजूला डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या चंदनानंसुद्धा सवयीनं हात वर करून "जय!" म्हटलं. आणि म्हणून झाल्यावर तिच्या डोक्यात शिरलं, की टीव्ही म्हणजे आपला टीव्ही. साडेआठची. चार महिने.

तात्यासो टीव्ही बघायचे ते किती? संध्याकाळच्या बातम्या, त्यापण मधेच पेंगत. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं, आणि पुण्य आपल्या खात्यावर!

घरी आल्या आल्या म्हाताऱ्यानं केबलची वायर काढून गुंडाळली आणि टीव्हीवर जुनं उपरणं घातलं. चंदना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"मामंजी, मला एका शब्दानं तरी इचारायचं," ती म्हणाली.

"धर्माच्या कामात इचारायचं काय असतंय?" तात्यासो म्हणाले. "तुलाबी पुण्य लागंल की फुकटात."

बाळासोकडं तिनं बघितलं. बाळासो कॅलेंडरकडं बघत होता. "जाऊ दे गं," तो हळूच म्हणाला, "चारच महिनं हायत. दिवाळीला सुटतंय की सगळं."

त्या रात्री चंदना आडवी झाली आणि तिला रडू फुटलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिनं तोंड उशीत घातलं. शेजारी झोपलेली सोनल, तिची बारावीतली लेक, कुशीवर वळली.

"आई, उशी काय बँकेत जाती व्हय?"

चंदनाला असा राग आला, की कानाखाली एक वाजवावी. पण वाजवणार कुणाच्या? पोरगी तिचीच वाक्यं तिला परत देत होती. कट्ट्यावर बसून वृंदीला अक्कल शिकवणारी बाई भर मांडवात "जय" म्हणून आली होती. वृंदीनं मान तरी खाली घातली होती, आपण तर हात वर केला! चंदनाचं रडू जागच्या जागी आटलं. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

पण लाज वाटणं वेगळं आणि उठून उभं राहणं वेगळं. दोन-चार दिवस ती धुमसत राहिली. दुपारी बायका कट्ट्यावर जमायच्या, पण चंदनाकडं सांगायला काही नव्हतं. उलट चिमणाबाईच तिला सांगायला लागली, आणि ते ऐकणं म्हणजे शिक्षा.

"काल कोणतरी जिन्यावरनं पडलं बगा."

"कोण पडलं?"

"बाईमाणूस हुतं. मी भाकरी उलटत हुतो की वो. किंकाळी आली तेवढी."

"आगं, वृंदी पडली का जाऊ पडली? ढकलली का पाय घसरला? ढकलली तर कुणी?"

"त्ये काय समजलं न्हाय. पर रडत हुती समदी."

चंदनानं कपाळावर हात मारून घेतला. चिमणाबाईनं मग जवळ सरकून दबक्या आवाजात सांगितलं, "माझ्या घरला या की बघायला. तात्यासोंस्नी कशाला कळतंय? म्हागल्या दारानं यायचं, म्हागल्या दारानं जायचं."

चंदना सुपातला तांदूळ तसाच ठेवून ताठ झाली. "न्हाय. चोरून बघितलो तर त्यो नियम मी कबूल केल्यागत झालं. मी काय चोरी केलो न्हाय. बघीन तर माझ्या घरात, फुडल्या दारानं, दिवा लावून!"

पुढच्या दिवशी कट्ट्यावर फक्त चिमणाबाई आली. त्यानंतर तीही आली नाही. बायका खालच्या अंगाला दुसऱ्या एका दारात बसायला लागल्या, तिथं कुणीतरी निम्मी-अर्धी मालिका बघितलेली असायची. लांबनं हसण्याचे आवाज यायचे. चंदना एकटीच तांदूळ निवडायची, आणि खडे संपले तरी निवडतच राहायची. तिला उगीच भांडी आपटावीशी वाटायची, आणि तिनं दोन-तीन आपटलीसुद्धा.

"हळू," आतनं तात्यासो म्हणाले. "चातुर्मास हाय."

झालं. त्या 'हळू'नं तिच्या अंगाचा भडका उडाला. आता आवाजसुद्धा सासऱ्याला विचारून काढायचा?

रविवारी ती चांगली इरकल नेसून बस्तीत गेली, आणि बायकांच्या बाजूला अगदी पुढं जाऊन बसली. प्रवचन झालं. नियम घेणाऱ्यांची रांग लागली. महाराजांची पिंछी वर होत होती, खाली येत होती. शेवटी कुणीतरी माइकवर विचारलं, कुणाला काही शंका आहे काय?

"मला हाय," चंदना म्हणाली आणि उठली.

मांडवात कुजबुज झाली. बायका शंका विचारत नव्हत्या असं नाही, पण विचारायच्या त्या कागदावर लिहून, आणि त्यासुद्धा उपासाला भगर चालते काय, असल्या. पलीकडं पुरुषांत तात्यासोंची मान गर्रकन वळली. बाळासोनं डोळे मिटून घेतले. चंदनाला कुणी माइक आणून दिला नाही. पण आवाज? आवाज कुरुंदवाडचा होता, त्याला माइक लागत नव्हता.

"नमोस्तु महाराज. माझी शंका साधी हाय. मी जेवायचं, आणि पोट मामंजींचं भरायचं, असं हुतंय काय?"

"नाही होत," महाराज म्हणाले.

"मग मी सोडायचं, आणि पुण्य मामंजींनी घ्यायचं, ह्ये कसं हुतंय? त्येंनी घरातला टीव्ही सोडला. त्ये काय टीव्ही बघत न्हाईत. बघतो मी. त्येंनी तपकीर सोडली असती, तर मी त्येंच्या पाया पडलो असतो. पर त्येंनी माझं सोडलं, आणि मला इचारलं न्हाय. मला तवाच उठायला पायजे हुतं, उठलो न्हाय, ती माझी चूक. म्हणून आज उठलो."

तात्यासोंचा चेहरा लालबुंद झाला होता. "चंदना, खाली बस!" ते ओरडले. कुणीतरी म्हणालं, टीव्हीसाठी एवढं? कलियुग आहे बाबा!

"टीव्हीसाठीच!" चंदना तिकडं वळून म्हणाली. "तुमच्या मनाला यील त्येच्यासाठी तुम्ही भांडता, मी टीव्हीसाठी भांडतो. लाज कशाची वाटायची?"

महाराजांनी हात वर केला. ते हसत नव्हते, रागावलेलेही दिसत नव्हते. "बाई, तुझं खरं आहे," ते म्हणाले. "नियम ज्याचा त्यानं घ्यायचा. तात्यासोंचा नियम तात्यासोंच्या डोळ्यांपुरता." मांडवात चुळबूळ झाली. महाराज थांबले, आणि मग त्यांनी थेट तिच्याकडं बघितलं. "पण तू आता उभी राहिलीच आहेस. चातुर्मास आहे. दुसऱ्यानं तुझं सोडलेलं तुला चालत नाही. मग तुझं तू सांग. काय सोडतेस?"

आता आली का पंचाईत! सगळा मांडव वाट बघायला लागला. तात्यासोंच्या तोंडावर पहिल्यांदा जरा हसू आलं. सापडली, असं ते हसू होतं. कांदा-लसूण घरात येतच नव्हता. बटाटा नव्हता. रात्रीचं जेवण नव्हतं. गोडाची तिला फारशी आवड नव्हती. चंदनानं क्षणभर खाली बघितलं. वीस वर्षांत या घरात आपण काय काय सोडलं ते तिला आठवायला लागलं, आणि अजून हातात धरून ठेवलेलं एकच काहीतरी तिला सापडलं.

"गप बसायचं सोडतो, महाराज," ती म्हणाली. "आणि चार महिन्यांपुरतं न्हाय, जन्मभरासाठी."

मग बायकांच्या बाजूनं, अगदी मागच्या कोपऱ्यातनं, कुणातरी म्हातारीचा चिरका आवाज आला, "जय!" आणि मग अख्ख्या बायकांच्या बाजूनं असा जयजयकार उठला, की मांडवाच्या बांबूवर बसलेली कबुतरं उडाली.

महाराजांनी पिंछी उचलली. "कठीण नियम आहे," ते म्हणाले. "मोडू नकोस."

मंडळी घरी आली. दिवस मावळायच्या आत सगळे जेवले. तात्यासोंनी आमटीला नाव ठेवलं नाही, हीच त्या घरातली मोठी बातमी. आठ वाजता चंदनानं उपरणं काढलं, घडी केली आणि सासऱ्यांच्या हातात दिलं. सोनलनं वायर जोडली. तात्यासो उठले आणि आपला नियम पाळायला बाहेर कट्ट्यावर जाऊन, टीव्हीकडं पाठ करून बसले. खरं सांगायचं, तर त्या पाठीकडं बघून चंदनाला जरा वाईट वाटलं. म्हातारा माणूस. पण तिनं मांडी घातली आणि साडेआठची लावली.

आणि काय सांगू तुम्हाला, मालिका भिकार निघाली! वृंदीच बदललेली. तिचं काम करायला दुसरीच कुणीतरी आणून उभी केली होती, आणि घरातलं एकही माणूस 'तू कोण गं बाई' म्हणून विचारत नव्हतं. नवरा तिच्याच गळ्यात पडतोय! नवी वृंदी रडत होती ती भिंतीकडं बघून, शिकवून आणलेल्या पोरासारखी. जिन्यावरनं कोण पडलं होतं, त्याचा तर पत्ताच नाही. मधेच जाहिराती, परत तेच रडणं, परत धाड धाड धाड.

"आगं मेल्यांनो!" चंदना ओरडली. "माणसं काय आंधळी हायत व्हय? बाई बदलली तुम्ही! एक आठवडा मी न्हाय, तर सगळी मालिका बसवली की खड्ड्यात! ह्यासाठी मी मांडवात हुभा ऱ्हायलो?"

समोरच्या घरात चिमणाबाईचा परातीवरचा हात थांबला. ती दारात आली. चंदना तणतणत उठली, टीव्हीपाशी गेली, आणि बंद करायला तिनं बटणावर बोट ठेवलं.

बाहेरनं तात्यासोंचा आवाज आला. "एवढी भिकार हाय तर बंद कर की मग."

चंदनाचं बोट बटणावरच थांबलं.

मग तिनं ते काढून घेतलं. माघारी आली, पदर खोचला, टीव्हीच्या अगदी पुढ्यात मांडी घालून बसली, आणि शेवटची पाटी सरकून जाईपर्यंत जागची हलली नाही.